शाळेला एईडी देताना पुढची दहा वर्षेही द्यावीत

शाळेला काही ना काही भेट देण्याची कोल्हापूरची रीत जुनी आणि मोलाची आहे. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल उचलले, तेथे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, वडिलांच्या स्मृतिदिनाला किंवा एखाद्या सरांच्या निवृत्तीला शाळेच्या नावाने पाकीट निघते, याचे कोणाला नवल वाटत नाही. आतापर्यंत या पाकिटातून बाके आली, संगणक आले, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आली. अलीकडे त्यात एईडीची, म्हणजे अचानक बंद पडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर या यंत्राची भर पडू लागली आहे. मी पेशाने शिक्षिका असून गेली काही वर्षे शहरातील आणि करवीर तालुक्यातील काही सार्वजनिक शाळांमध्ये बसवलेल्या अशा यंत्रांची देखभाल स्वयंसेवक म्हणून पाहते. या कामातून माझे एक ठाम मत तयार झाले आहे. ज्याला शाळेला एईडी द्यायचे आहे त्याने त्यासोबत पुढच्या दहा वर्षांचे पॅड (छातीवर चिकटवायच्या पट्ट्या), बॅटऱ्या आणि दरवर्षीचे प्रशिक्षण द्यावे, किंवा ते कोण देणार हे लेखी ठरवून मगच यंत्र द्यावे; आणि हे ठरेपर्यंत शाळेनेही ते स्वीकारू नये.

हे मत कठोर वाटेल याची मला कल्पना आहे. ते समजून घेण्यासाठी यंत्र काय करते हे आधी पाहावे लागेल. हृदय अचानक बंद पडते तेव्हा पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांत ते पूर्णपणे स्तब्ध झालेले नसते. त्याच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू आपापल्या परीने थरथरत असतात आणि त्या थरथरीतून रक्त पुढे ढकलले जात नाही. वैद्यकशास्त्र याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणते. एईडीचे दोन चिकट पॅड उघड्या छातीवर लावले की यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते, आणि ही थरथर किंवा तिच्यासारखीच एक घातक वेगवान लय आढळली तरच विजेचा धक्का देण्याची तयारी करते. लय नीट असेल, किंवा हृदय पूर्ण थांबून सरळ रेषा आली असेल, तर बटण कितीही वेळा दाबले तरी धक्का बसत नाही. धक्क्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक, छाती दाबणे सुरू नसेल तर, जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. कोणी छाती दाबत असेल तर हीच घट 3 ते 4 टक्क्यांपर्यंत रोखता येते. (या प्रथमोपचाराला इंग्रजी संक्षेपात 'सीपीआर' म्हणतात, पण कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय डोळ्यांसमोर येते, म्हणून प्रशिक्षणात आम्ही 'छाती दाबणे' असेच म्हणतो आणि येथेही तसेच लिहिते आहे.) अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2004 मध्ये शाळांसाठी जी मार्गदर्शक भूमिका मांडली, तिच्यातील कोसळण्यापासून धक्क्यापर्यंत 3 मिनिटे हे उद्दिष्ट याच हिशेबातून आलेले आहे.

माणसाच्या हृदयाला विजेचा धक्का देऊन ते पूर्ववत केल्याची पहिली नोंद 1947 मधली आहे. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय असे थरथरू लागलेल्या ज्या मुलाला क्लीव्हलंडचे शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी हा धक्का दिला, तो 14 वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडच्या आठवी-नववीच्या वयाचा. पुढे 1965 मध्ये फ्रँक पँट्रिज यांनी बेलफास्टमध्ये रुग्णवाहिकेतून नेता येईल असे यंत्र तयार केले, ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चाले आणि त्याचे वजन सुमारे 70 किलो होते. आज तेच काम दप्तराएवढ्या डब्यात मावते, आणि लयीचा निर्णय यंत्र घेत असल्यामुळे ते चालवायला डॉक्टर लागत नाही. प्रश्न यंत्राच्या क्षमतेचा उरलेलाच नाही. तो डबा पाच वर्षांनंतर, एखाद्या पावसाळी दुपारी, शाळेत फक्त दोन शिक्षक असताना, उघड्या जागी आणि ताज्या पॅडसह सापडेल का, हा आहे.

शाळेत कोणाचे हृदय बंद पडते, याविषयी बहुतेकांच्या मनात केवळ विद्यार्थी असतो. अमेरिकेत एईडी बसवलेल्या 1710 माध्यमिक शाळांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 36 घटना नोंदल्या गेल्या होत्या; त्यांपैकी 14 घटना खेळाडू विद्यार्थ्यांच्या आणि 22 मोठ्या माणसांच्या होत्या. शिक्षक, कर्मचारी, सामना पाहायला आलेले पालक यांचे सरासरी वय 57 होते. 36 पैकी 23 जण, म्हणजे 64 टक्के, रुग्णालयातून जिवंत घरी गेले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांच्या बाबतीत एरवी हा आकडा फार लहान असतो. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो: 83 टक्के शाळांकडे आपत्कालीन आराखडा होता, पण वर्षातून एकदा तरी त्याचा सराव करणाऱ्या शाळा केवळ 40 टक्के होत्या.

मोठ्या माणसांचा हा मुद्दा आपल्याकडे आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण आपली सार्वजनिक शाळा दिवसातून पाच-सहा तासच शाळा असते. निवडणुकीत ती मतदान केंद्र होते, तिच्या मैदानावर पहाटे ज्येष्ठ नागरिक फिरतात, संध्याकाळी पेठेतली मुले फुटबॉल खेळतात, आणि 2019 व 2021 मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा वर्गखोल्यांतच पूरग्रस्त कुटुंबे राहिली. औषधे घरी पाण्यात राहिलेली, रात्रीची झोप नाही, मनावर ताण, अशा अवस्थेतले साठीपुढचे किती तरी लोक एका छताखाली असताना मुख्याध्यापकांच्या खोलीला कुलूप असेल, तर आतल्या यंत्राचा उपयोग कोणाला होणार? म्हणूनच पूररेषेजवळच्या शाळांत आम्ही यंत्राची जागा ठरवताना दोन गोष्टी पाहतो: ती तळमजल्यावर, पण पाण्याच्या आजवरच्या खुणेच्या वर असावी आणि व्हरांड्यातून हात पोहोचेल अशी असावी. पाणी चढण्याचा इशारा आला की दप्तरातली कागदपत्रे वरच्या मजल्यावर नेण्याची जी यादी शाळेत असते, तिच्यात एईडीचे नाव आम्ही लिहून घेतले आहे.

विद्यार्थ्यांमधल्या घटना क्वचित घडतात, पण त्या घडतात. हृदयाचे स्नायू जन्मतः जाड असणे, हृदयाच्या विद्युतप्रवाहातील आनुवंशिक दोष, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची चुकीची ठेवण, विषाणूमुळे आलेली सूज ही त्यांची प्रमुख कारणे आहेत, आणि आपल्या देशात त्यात संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपांची भर पडते. पूर्णपणे निरोगी मुलाच्या छातीवर क्रिकेटचा चेंडू नेमक्या क्षणी आदळला तरी हृदय थरथरू लागू शकते. हृदयाच्या ठोक्यातील तो धोक्याचा काळ सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, म्हणजे 2013 पासून सुरू असलेल्या तपासणीचे, पथक शाळेत येते तेव्हा वर्गशिक्षकांनी दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात असा माझा आग्रह असतो: धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडलेले मूल कोणते, आणि कोणाच्या घरात तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे. पथकाला एका दिवसात शेकडो मुले पाहायची असतात. वर्गशिक्षकांना वर्षभराची ओळख असते. मात्र रंकाळ्यात किंवा पंचगंगेत बुडून काढलेल्या मुलाच्या बाबतीत मूळ कारण प्राणवायूचा अभाव हे असते, म्हणून तेथे तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे यांना पहिले स्थान आहे आणि यंत्राचे काम नंतरचे. ही गोष्ट नदीकाठच्या शाळांत आम्ही वेगळी शिकवतो.

आता डेडस्टॉक रजिस्टरकडे, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीकडे येते, कारण माझ्या अनुभवात एईडी निकामी होण्याची सुरुवात तेथून होते. भेट मिळालेल्या वस्तूची नोंद या नोंदवहीत करावी लागते, तिला क्रमांक मिळतो, किंमत लिहिली जाते आणि त्या क्षणापासून ती वस्तू हरवली तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. लाखाच्या आसपास किमतीची वस्तू कोणताही जबाबदार मुख्याध्यापक कुलपात ठेवणारच. त्यात त्यांचा दोष नाही; लेखापरीक्षणात विचारणा त्यांना होते, व्हरांड्यात टांगलेले यंत्र चोरीला गेले तर पोलिसांत फिर्याद त्यांना द्यावी लागते. त्यामुळे भेट देण्याचा कार्यक्रम झाला, छायाचित्रे झाली, की यंत्र कपाटात जाते, कपाटाची चावी शिपायाकडे असते आणि शिपाई कार्यालयीन टपाल द्यायला गेलेला असतो. एका शाळेत तर यंत्र खोक्यातून बाहेरच काढलेले नव्हते, आणि बॅटरी बसवलेली नसल्यामुळे ते स्वतःची तपासणीही करत नव्हते.

यावर उपाय लेखीच असायला हवा, कारण भीती लेखी जबाबदारीची आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून घ्यावा की हे यंत्र जीवरक्षणासाठी असल्यामुळे ते कुलपाविना, ठरलेल्या जागी, शाळेच्या वेळेत आणि शाळा इतर कारणांसाठी उघडी असेल तेव्हाही सर्वांना उपलब्ध राहील, आणि प्रयत्न करूनही ते चोरीला गेल्यास वैयक्तिक जबाबदारी निश्चित केली जाणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने स्थापन झालेल्या या समितीत पालक बहुसंख्य असतात, त्यामुळे ठरावाला वजन येते. त्याची प्रत महापालिकेच्या शाळेने प्राथमिक शिक्षण समितीला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेने गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवून पोच घ्यावी. जेथे हा ठराव झाला तेथे यंत्र भिंतीवर आले. जेथे नुसते तोंडी सांगितले तेथे पुढच्या भेटीत ते पुन्हा कपाटात सापडले. भिंतीवरच्या पेटीला झाकण उघडताच वाजणारा भोंगा बसवता येतो. त्याने चोरीला आळा बसतोच, शिवाय भोंगा ऐकून शाळेतील बाकीची माणसेही धावत येतात, आणि मला हा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरी अडचण पॅडची. पॅडवरचा ओलसर जेल हळूहळू सुकतो, म्हणून पाकिटावर मुदत छापलेली असते आणि ती बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आसपास असते. बॅटरी न वापरता चार-पाच वर्षे टिकते. ती विजेवर चार्ज करायची नसते, त्यामुळे भारनियमनाचा तिच्यावर परिणाम होत नाही. संपली की नवीच घ्यावी लागते. आठ वर्षांखालील किंवा 25 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी धक्क्याची ऊर्जा कमी करणारे वेगळे पॅड असतात, काही यंत्रांत त्यासाठी कळ किंवा किल्ली असते. पहिली-दुसरीचे वर्ग असलेल्या शाळेला म्हणूनच पॅडचे दोन संच लागतात आणि दोन मुदती सांभाळाव्या लागतात. (लहानांचे पॅड हाताशी नसतील तर थांबू नये, मोठ्यांचेच पॅड, एक छातीवर आणि एक पाठीवर, असे लावावेत.) पॅड डेडस्टॉकमध्ये येत नाहीत, ती खपणारी वस्तू आहे, आणि खपणाऱ्या वस्तूंचा पैसा संयुक्त शाळा अनुदानातून यायचा असतो. हे अनुदान विद्यार्थिसंख्येनुसार वर्षाला 10 हजारांपासून 1 लाखापर्यंत असते. तीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळेने 10 हजारांत खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता भागवून कित्येक हजारांचे पॅड विकत घ्यावेत असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही.

म्हणून देणगीदारांसाठी आम्ही एक पानाचे पत्र तयार केले आहे. त्यात यंत्राची किंमत, दहा वर्षांत लागणाऱ्या पॅडच्या व बॅटऱ्यांच्या अंदाजे संख्या, त्यांचा आजचा दर, वर्षातून एकदा होणाऱ्या प्रशिक्षणाचा खर्च आणि वापर झाल्यास लगेच लागणाऱ्या नव्या पॅडची तरतूद असे सगळे एकत्र मांडलेले असते. पत्र वाचून काही जण माघार घेतात, आणि त्यांचा निर्णय मला प्रामाणिक वाटतो. काही जण तीन यंत्रांऐवजी एकच यंत्र संपूर्ण सांभाळासह देतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. एका पेठेतल्या माजी विद्यार्थ्यांनी तर यंत्र दुसऱ्याने दिलेले असताना केवळ त्याच्या पॅडची जबाबदारी घेतली. नामफलकावर त्यांचे नाव नाही, पण यंत्र आज चालू आहे ते त्यांच्यामुळे. खरेदी करताना यंत्राला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता आहे का, विक्रेता पॅड आणखी किती वर्षे पुरवण्याचे लेखी देतो, ते धूळ व पाण्याच्या शिंतोड्यांपुढे कितपत टिकते हे तपासावे. आणखी एक गोष्ट दुकानातच करून पाहावी: यंत्र सुरू करून ते कोणत्या भाषेत सूचना देते ते ऐकावे. ज्या शिक्षकांना, सेविकांना, शिपायांना ते वापरायचे आहे, त्यांना गोंगाटात पहिल्याच वेळी कळतील अशा भाषेतल्या सूचना नसतील तर दुसरे यंत्र पाहावे.

रोजच्या तपासणीत फारसे काही नाही. यंत्र स्वतःची चाचणी घेते आणि सर्व ठीक असल्यास हिरवी खूण दाखवते. परिपाठाच्या वेळी एका विद्यार्थ्याने ती खूण पाहून फळ्यावर लिहावे, शिक्षकाने महिन्यातून एकदा पॅडची मुदत पाहून नोंदवहीत सही करावी, आणि सोबतच्या पिशवीत कात्री, रेझर, कोरडा टॉवेल, हातमोजे व श्वास देण्याचा मुखपट्टा आहे याची खात्री करावी. टॉवेल सर्वाधिक वेळा गायब असतो आणि गगनबावड्याकडच्या पावसात तोच आधी लागतो, कारण ओल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत.

प्रशिक्षणाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. जपानमधील सैतामा शहरात 2011 मध्ये सहावीतील एक मुलगी शाळेत धावण्याच्या सरावानंतर कोसळली. शाळेत एईडी होते. ती श्वास घेते आहे असे शिक्षकांना वाटले, म्हणून छाती दाबली गेली नाही आणि यंत्रही लावले गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. हृदय बंद पडल्यानंतर काही मिनिटे माणूस अधूनमधून आचके देतो, तोंड उघडमीट करतो, घशातून आवाज येतो, हातपाय झटकतो. अनोळखी डोळ्यांना तो श्वास वाटतो किंवा फिट आल्यासारखे दिसते. आपल्याकडे फिट म्हटली की कांदा किंवा चप्पल नाकाशी धरण्याकडे धाव जाते आणि त्यात मिनिटे निघून जातात. सैतामाच्या शिक्षण मंडळाने त्या मुलीच्या कुटुंबासोबत बसून 2012 मध्ये शिक्षकांसाठी जी पुस्तिका तयार केली, ती तिच्या नावाने असुका मॉडेल म्हणून ओळखली जाते. श्वासाविषयी जराही शंका वाटली तर छाती दाबायला लागा आणि यंत्र आणा, हा त्या पुस्तिकेचा गाभा आहे. आमच्या प्रत्येक वर्गात हे पहिले शिकवले जाते: हाक मारली, खांदे हलवले, प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरेसे आहे.

त्यानंतरचा सराव हा कामांच्या वाटपाचा असतो. जो जवळ आहे तो छाती दाबतो, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने आणि मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. दुसरा यंत्र आणायला पळतो. तिसरा 108 ला फोन करून स्पीकर चालू ठेवतो. चौथा फाटक उघडून रस्त्यावर उभा राहतो, कारण मिरजकर तिकटीच्या आसपासच्या गल्ल्यांत रुग्णवाहिका शाळेचे नाव विचारत थांबली तर केलेली घाई वाया जाते. कोण कोणते काम करणार हे व्यक्तींच्या नावाने ठरवू नये, जागेच्या नावाने ठरवावे. नावे ठरवली की ती व्यक्ती नेमकी प्रशिक्षणाला किंवा जनगणनेच्या कामाला गेलेली असते. कार्यालयाजवळच्या वर्गात जो शिकवत असेल तो यंत्र आणेल, असे ठरवले की कोणी रजेवर असले तरी अडत नाही. यंत्र आणायला पळण्याचे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना मोकळेपणाने द्यावे. ती मुले आपल्यापेक्षा वेगाने पळतात आणि सांगितलेले अचूक करतात. मुदत संपलेले पॅड आम्ही टाकून देत नाही, पाकीट फाडणे आणि पॅड सोलून चिकटवणे यांच्या सरावासाठी वापरतो. सरावाचे यंत्र मात्र खऱ्या यंत्राच्या जवळ कधीही ठेवू नये आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे.

मुलींच्या बाबतीत एक प्रश्न सर्वत्र कुजबुजत्या आवाजात विचारला जातो आणि मी त्याचे उत्तर सर्वांसमोर देते. जपानमधील शाळांतील घटनांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उच्च माध्यमिक वयाच्या मुलांपैकी सुमारे 83 टक्के जणांना सार्वजनिक एईडीचे पॅड लावले गेले होते, मुलींपैकी सुमारे 56 टक्के जणींना. संकोचाने मिनिटे गेली की मुलगी जाते, इतके हे स्पष्ट आहे. पॅड उघड्या त्वचेवरच लागतात, पण त्यासाठी संपूर्ण अंग उघडे करावे लागत नाही: एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर बसतो, कपडे बाजूला सारून किंवा कापून तेवढी जागा मोकळी करता येते, आणि पॅड लावल्यावर वरून ओढणी टाकली तरी यंत्राच्या कामात अडथळा येत नाही. सरावात आम्ही वर्गातल्या मुलींना पाठ आत आणि तोंड बाहेर करून कडे करायला शिकवतो. शिक्षिका जवळ असतील तर त्यांनी पुढे व्हावे. नसतील तर शिक्षकांनी त्यांची वाट पाहत थांबू नये. पालकसभेत हे आधीच सांगून ठेवले, तर कोणत्याही शिक्षकाचा हात ऐनवेळी थबकत नाही. शाहूपुरीतल्या एका पालकसभेत हे ऐकून आयाच सर्वांत आधी बोलल्या आणि त्यांनी निःसंदिग्ध संमती दिली, याची मला फार मदत झाली आहे.

कायद्याची भीतीही बोलून दाखवली जाते. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेले मदत करणाऱ्याचे संरक्षण रस्त्यावरील अपघातांपुरते आहे, हे खरे. तथापि संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 चे संरक्षण आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतही ते कलम 92 मध्ये होते. शिक्षकांनी निर्धास्तपणे पुढे व्हावे यासाठी शिक्षण विभागाने शाळांतील आपत्कालीन उपचारांविषयी स्वतंत्र परिपत्रक काढावे, अशी माझी मागणी आहे आणि ती मी प्रत्येक बैठकीत मांडते.

सर्वच शाळांना एईडी द्यावे असे मात्र मला वाटत नाही. चंदगड किंवा शाहूवाडीतील वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेत वीस मुले असतील, तर त्या पैशातून आधी दोन्ही शिक्षकांना, अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना छाती दाबणे व बुडालेल्याला श्वास देणे पक्के शिकवावे. यंत्र द्यायचेच असेल तर ते गावाच्या मध्यावर, ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवावे आणि शाळेने त्याचा सराव करावा. केंद्रशाळेत एक यंत्र ठेवून आसपासच्या दहा शाळांना ते 'उपलब्ध' आहे असे कागदावर दाखवणे मला मान्य नाही. चार किलोमीटरवरचे यंत्र तीन मिनिटांत येत नाही. याउलट शहरातील मोठ्या पटाच्या शाळा, ज्यांच्या मैदानावर आंतरशालेय कबड्डी, कुस्ती आणि फुटबॉलचे सामने होतात, त्यांना पहिले प्राधान्य मिळावे, आणि सामना मैदानावर असेल त्या दिवशी यंत्र भिंतीवरून काढून पंचांच्या टेबलाजवळ आणावे.

सध्या मला सर्वांत अधिक चिंता बदल्यांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मनापासून लक्ष घालणारे एक सर किंवा बाई असतात, त्यांची बदली होते आणि त्यांच्यासोबत मुदतींची आठवणही जाते. एका शाळेत सलग तीन वर्षे उत्तम चाललेली नोंदवही बदलीनंतरच्या महिन्यापासून कोरी होती. नव्या शिक्षकांना तिच्याविषयी कोणी सांगितलेलेच नव्हते. मुख्याध्यापक पदभार सोडताना जी चार्ज यादी देतात, तिच्यात एईडीची स्वतंत्र ओळ असावी, तीत पॅडच्या दोन्ही मुदती, बॅटरी बसवल्याची तारीख, देणगीदाराचे पत्र आणि व्यवस्थापन समितीचा ठराव यांचा उल्लेख असावा, आणि नव्या मुख्याध्यापकांनी झाकण स्वतः उघडून पाहिल्याशिवाय त्या ओळीसमोर सही करू नये, असा नमुना आम्ही तयार केला आहे. आम्ही पाहतो त्या शाळांच्या केंद्रप्रमुखांकडे तो दिला असून, येत्या बदल्यांपूर्वी तो वापरात यावा यासाठी पाठपुरावा सुरू आहे. ज्या वाचकांच्या गावातील शाळेत असे यंत्र आहे, त्यांनी या आठवड्यात शाळेत जाऊन पॅडच्या पाकिटावरची तारीख पाहावी, आणि ती उलटून गेली असेल तर नव्या पॅडसाठी कोणाकडे जायचे हे मुख्याध्यापकांसोबत बसून तेथेच ठरवावे.